कोल्ह्यांपुढचं गाऱ्हाणं

आयेनं कोल्ह्यांच्या ताटलीतला तुकडा उचलून तोंडात टाकला, तेव्हा मी परसातल्या नळावर दात घासत होतो. तोंडात सगळा फेस, त्यामुळे धड ओरडताही येईना.

“बरा आसा रे,” बोटं चाटत ती म्हणाली. “वायच गोड लागता. ह्यांच्या देवाचो परसाद दिसता.”

तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं काही चुकलं नव्हतं. परसाच्या कोपऱ्यात, बांबूच्या बेटाला लागून, गुडघ्याएवढं लाकडी देऊळ होतं. पुढे लाल रंगाची छोटी कमान. कमानीच्या दोन्ही अंगांना दोन दगडी कोल्हे बसलेले, गळ्यात तान्ह्या पोरांना बांधतात तशी लाल लाळेरी. मधे एक पांढरी ताटली आणि तिच्यात साखरेच्या पाकात मुरवलेले, तळलेल्या टोफूचे तुकडे. आमच्या कोकणात देवापुढे काही ठेवलेलं दिसलं आणि माणूस नुसते हात जोडून पुढे गेला, तर त्याला शिष्ट म्हणतात. आयेनं हात जोडले, तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला. ती आपल्या घरच्यासारखीच वागली.

“आणि ह्या कोल्ह्याच्या तोंडात चावी कित्याक रे?” तिनं विचारलं.

मी चूळ भरली. “तांदळाच्या कोठाराची आहे. कोल्हे म्हणजे इथल्या भाताच्या देवाचे सेवक.”

“म्हणजे कणगीचे राखणदार. मगे बरोबर.” तिचा जीव भांड्यात पडला आणि ती दुसऱ्या कोल्ह्याचं लाळेरं सरळ करू लागली.

तेवढ्यात माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथे तोमेआजी उभी होती. सायोकोची आजी, ऐंशीच्या घरातली, कमरेतून वाकलेली, पण नजर अशी की समोरच्याची पाठ आपोआप ताठ व्हावी. तिच्या हातातलं भात ढवळायचं लाकडी उलथणं तसंच हवेत राहिलं होतं. ती आयेकडे बघत होती, ताटलीकडे बघत होती, आणि वळून आत गेली.

तिच्या मागून सायोको बाहेर आली. “त्यांनी ताटलीतलं खाल्लं?” तिनं मला विचारलं.

“एकच तुकडा. का? विषारी आहे की काय?”

सायोको पायरीवर बसली. “आजी आता बोलणार,” ती म्हणाली. “मीच सांगणार होते तुला. ओसाकापासून रोज ठरवत होते.”

इथे थोडं मागचं सांगितलं पाहिजे. मी ओसाकातल्या एका कारखान्यात यंत्रं जोडायचं काम शिकायला गेलो आणि शिकून झाल्यावर तिथेच नोकरीला राहिलो. सायोको त्याच कारखान्यात नकाशे काढायची. आम्ही लग्न ठरवलं तेव्हा घरी फोन केला. बाबा म्हणाले, “मी इलय तर गुरा कोण बघतलो? आवशीक न्हे. तिका माणसा कळतत.” आणि खरंच, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या आमच्या गावातून कधी रत्नागिरीच्या पलीकडे न गेलेली माझी आई विमानात बसून आली. पिशवीत एक नारळ घेऊन आली.

“नारळ जपानात मिळतो, आये,” मी विमानतळावरच म्हणालो.

“आपल्या झाडाचो मिळता?” तिनं पुढे खुलासाही करून टाकला. “चेडू पसंत पडला तर ह्या नारळान ओटी भरतलंय. नाय पडला तर चटणी वाटतलंय. नारळ काय फुकट जावचो नाय.”

तेव्हापासून माझा सगळा जीव त्या नारळात अडकला होता. ओसाकात चार दिवस आये सायोकोला निरखत होती. तांदूळ कसे धुते, मोठ्या माणसाशी कसं बोलते, चप्पल कशी काढते. पण नारळ पिशवीतून बाहेर येईना. “घर बघूया,” एवढंच म्हणायची. म्हणून आम्ही तिघं जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या खेड्यात, सायोकोच्या आजीकडे आलो होतो. सायोकोला आईवडील नव्हते, तोमेआजीनंच तिला वाढवलं होतं. आदल्या संध्याकाळी पोचलो. समुद्र, भातशेती, वाळत घातलेली मासळी बघून आये इतकी खूश झाली की मला वाटलं, उद्या ओटी भरणारच.

बाबा म्हणायचे ते खोटं नव्हतं. आयेला माणसं कळायची आणि माणसांनाही ती आवडायची. गावात कुणाच्या घरी बाळंतपण असो की भांडण, पहिली हाक आयेला. तिच्या हातचं माशाचं तिखलं खायला लोक निमित्तं शोधत यायचे. फक्त एका माणसानं ते कधी खाल्लं नाही. माझ्या आजीनं, बाबांच्या आईनं. तिची चूल निराळी, पेजेचं मडकं निराळं, पाण्याची कळशी निराळी. लहानपणी मी आयेला विचारलं, तर ती म्हणाली, “तिचा सोवळा कडक आसा.” मला ते पटलं. आजी गेली तेव्हा शेवटचं पाणी तिनं माझ्या हातून घेतलं. आयेनंच तांब्या माझ्या हातात दिला होता. आपण लाडके नातू, म्हणून हा मान आपला, अशी ऐट मी बरीच वर्षं मिरवली.

तर त्या सकाळी न्याहारी तशीच राहिली. तोमेआजी आतून बाहेर आली ती काळा किमोनो नेसून. लग्नाला नाहीतर मर्तिकाला घालायचा तो. चटईवर आयेच्या समोर गुडघे मोडून बसली आणि दोन्ही हात पुढे टेकून तिनं कपाळ चटईला लावलं.

“अगे बाय माझ्या! ही माझ्या पाया कित्याक पडता?” आये अर्धी उठली. “वडील माणूस ना ती! उठव तिका.”

मी उठवणार कसा? आजीनं स्वतःच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. “दिगूसान, मी बोलेन ते तुमच्या आईंना जसंच्या तसं सांगा. गोड करून सांगू नका.”

“हो,” मी म्हणालो.

“आमच्या घरात कोल्हे आहेत.”

मी सांगितलं. आये समजूतदारपणे म्हणाली, “व्हय तर. बघितलंय. भायर बसलेहत.”

“ते दगडाचे,” मी म्हणालो. “ती खऱ्यांबद्दल बोलतेय.”

तोमेआजी सावकाश बोलत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्यासाठी थांबत होती. “आमचं घराणं कोल्हेवाल्यांचं आहे. या भागात हे पोराटोरांनाही माहीत असतं. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधीपासून ते आमच्याबरोबर राहतात. पंच्याहत्तर. कुणाला दिसत नाहीत. मुंगसाएवढे असतात म्हणतात. आमचं शेत चांगलं पिकलं की गाव म्हणतं, कोल्ह्यांनी दुसऱ्याच्या शेतातून भात आणला. कुणाचं पोर तापानं बरळलं की म्हणतं, तोमेच्या घरचे कोल्हे लागले. शेतात मदतीला येतात, वाटेत नमस्कार करतात, सगळं करतात. फक्त सोयरीक करत नाहीत. कारण या घरची मुलगी लग्न होऊन गेली की कोल्हे तिच्यामागून तिच्या सासरी जातात. आणि मग ते घरही कोल्हेवाल्यांचं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांसाठी.”

मला खरं सांगायचं तर हसू येत होतं. यंत्रं जोडणारा माणूस मी. पण सायोकोकडे पाहिलं आणि हसू विरलं. ती चटईच्या काठाची शिवण नखानं दाबत होती. माझ्या लक्षात आलं, की कोल्हे खरे असोत नसोत, हिचं मोडू शकणारं लग्न खरं आहे. आणि माझी आये म्हणजे गावदेवाला कौल लावल्याशिवाय नवी गायसुद्धा न घेणारी बाई. मी सायोकोच्या कानाशी लागून जपानीत म्हणालो, “मी आयेला सांगतो, की ते तुमचं कुलदैवत आहे. तेवढंच. तिला आनंद होईल.”

“माझे कान अजून शाबूत आहेत,” तोमेआजी म्हणाली.

मी मागे सरकून बसलो.

“मीही असंच केलं होतं, दिगूसान. हेही त्यांना सांगा. माझी मुलगी हारुए, सायोकोची आई. तिचं लग्न मी लांबच्या गावात लावलं आणि कोल्ह्यांचं सांगितलं नाही. इतक्या लांब कुणाला कळतंय, असं वाटलं. सायोको पोटात असताना कळलं. सासरच्यांनी हारुएला परत पाठवून दिलं. ती याच खोलीत बारा वर्षं राहिली. दिवसाउजेडी घराबाहेर पडायची नाही. इथेच गेली. बारा वर्षांत तिनं मला एकदासुद्धा विचारलं नाही, की आई, तू का सांगितलं नाहीस? विचारलं असतं तर बरं झालं असतं.”

हे मी आयेला कसं सांगितलं, ते मला आठवत नाही. आये माझ्याकडे बघतच नव्हती. ती तोमेआजीकडे बघत होती, जणू मी मधे नव्हतोच.

“आणि आज सकाळी तुम्ही त्यांच्या ताटलीतलं खाल्लंत,” तोमेआजी म्हणाली. “आमच्या घरात असं मानतात, की त्यांच्या ताटलीतलं जो खाईल तो त्यांचा झाला. म्हणजे मी पुन्हा एकदा, न सांगता, एका घराला कोल्ह्यांशी बांधलं. कालच सांगायला हवं होतं. तुम्ही दमून आला होता, म्हटलं झोपू दे. ही चूक माझी. तुम्ही नाही म्हणालात तर सायोकोला दुःख होईल, पण आम्ही रागावणार नाही. मी कोल्ह्यांपुढे बसून त्यांना माघारी बोलावून घेईन.” आणि तिनं पुन्हा कपाळ चटईला लावलं.

आयेनं गाऊन गुडघ्यांवर सारखा केला.

“कितके म्हटल्यान?”

“पंच्याहत्तर.”

“खातत काय?”

मी विचारलं. तोमेआजी या प्रश्नाला तयार नव्हती. “तळलेला टोफू. कधी लाल भात,” ती म्हणाली.

“मासे?”

“मासेही चालतात.”

“चावतत?”

“आये!”

“तू इचार. माका इचारूक नको?”

“राग आला तर त्रास देतात,” तोमेआजीनं प्रामाणिकपणे सांगितलं. “त्यांना विसरलेलं आवडत नाही.”

आयेनं मान डोलावली. मग हातावर भार देऊन उठली आणि आमचं सामान ठेवलं होतं त्या खोलीत गेली. मागे दार सरकवून घेतलं.

आम्ही तिघं बसून राहिलो. आतून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग कपड्यांचा.

“त्या सामान भरतायत,” सायोको हळूच म्हणाली.

“नसेल,” मी म्हणालो. पण माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. सायोको सरळ बसली, तिनं डोळे पुसले नाहीत, कारण तिनं डोळ्यांत पाणी येऊच दिलं नव्हतं. “तू त्यांच्याबरोबर जा,” ती म्हणाली. “आईला एकटीला पाठवू नकोस. मी आजीकडे थांबते.” आणि तोमेआजी? ती हलली नाही. जे सांगायचं ते सांगून झालेल्या माणसाची एक शांतता असते, ती तिच्या तोंडावर होती. नातीचं लग्न मोडत होतं, आणि तरी ती बाई तिथे अशी बसली होती, की मला उठून तिच्या पाया पडावंसं वाटलं.

दार सरकलं. आये बाहेर आली ती जरीच्या नऊवारीत. लग्नासाठी म्हणून आणलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं लुगडं. नाकात नथ. आणि हातात नारळ.

“ती एवढी काळा वस्त्र नेसान बसली, मी काय गाऊन घालून बसू?” ती मला म्हणाली. “चल, उठ. ह्यांका गाऱ्हाणा घालूक होया.”

गाऱ्हाणं ही आमच्याकडची रीत आहे. देवापुढे नारळ ठेवायचा आणि मनात जे असेल ते, झालेली चूक, हवं-नको, सगळं मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगायचं. दर वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणून दुजोरा द्यायचा. म्हणजे मग ते एकट्याचं राहत नाही. पण गाऱ्हाणं घालतो तो गावचा मानकरी. पुरुष. बाईनं घातलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“आये, तू घालणार?”

“हय गावकार खय आसा? हाड तेका, मी बाजूक ऱ्हवतंय.”

आम्ही परसात गेलो. जपानात ऊन असताना पाऊस पडला की कोल्ह्यांचं लग्न आहे म्हणतात. आमच्याकडेही नेमकं तेच म्हणतात. त्या वेळी चार थेंब पडले असते तर गोष्ट झकास जमली असती. पण पडले नाहीत. लख्ख ऊन होतं आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. आयेनं नारळ ताटलीशेजारी ठेवला, शेंडी कोल्ह्यांकडे केली आणि पदर डोक्यावर घेतला. मी सायोकोला आणि आजीला थोडक्यात रीत सांगितली. दोघी माझ्या शेजारी हात जोडून उभ्या राहिल्या.

“बा म्हाराजा!” आयेचा आवाज एवढा चढला की बांबूतले पक्षी उडाले. “ह्या घरच्या, ह्या परड्यातल्या, दिसणाऱ्या नि न दिसणाऱ्या पंच्याहत्तर म्हाराजांनू!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

“मी समुद्राच्या पल्याडसून इलंय. तुमची माझी वळख नाय. सकाळी तुमच्या ताटातलो घास मी न इचारता खाल्लंय. ती चूक पदरात घेवा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या घरच्या म्हातारेन माझ्यापासून काय एक लपवल्यान नाय. नात हातची जायत म्हणान भियाली नाय. कपाळ भुईक लावून सगळा सांगल्यान. अशी बाई मी माझ्या जन्मात बघूक नाय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“माझ्या आवशीक ता जमला नाय.”

मी “व्हय” म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

आये कोल्ह्यांकडे बघत बोलत होती. “आमच्या म्हायाराक लोक म्हणत, ह्यांच्या परड्यात भूत पाळलेला आसा, म्हणान ह्यांचो भात पिकता. वाडीतलो कोण आमच्या घरची चेडवा करून घेय नाय. आवशीन माका लांबच्या गावात दिल्यान नि ता लपवल्यान. तीन म्हयन्यांनी सासवेक कळला. तिणा माका घालवल्यान नाय, ता खरा. पण त्या दिसापासून तिणा माझ्या हातचा पाणी घेतल्यान नाय. तिचो शेवटचो श्वास चलत होतो तेवा मी तांब्यो घेवन उभी होतंय. तिणा तोंड फिरवल्यान. मगे मी तो ह्या झिलाच्या हातात दिलंय.”

तो तांब्या माझ्या हातात कसा आला होता, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आयेच्या बोटांचा थंडपणा आठवला. मी किती ऐट मिरवली होती! लहानपणापासून आजीची निराळी चूल बघत मी त्याच घरात जेवत होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. आयेनं ते कुणाला कळूही दिलं नव्हतं. आणि आता, जिथे तिची भाषा कळणारा मी एकटा होतो, त्या परक्या परसात, तिनं ते मोठ्या आवाजात सांगून टाकलं.

“दिगू,” मागे न बघता आये म्हणाली, “व्हय म्हण रे.”

माझ्याआधी शेजारून सायोको म्हणाली, “व्हय म्हाराजा.” ऐकून ऐकून शिकली होती. मग तोमेआजीही तिच्या परीनं, बोळक्या तोंडानं, तेच म्हणाली.

आयेचा आवाज पुन्हा चढला. “म्हणान सांगतंय, म्हाराजांनू. ह्या सायोको माझी सून होतला. तिच्या मागसून तुमका येवचा आसात तर खुशाल येवा. आमचा परडा मोठा आसा. माझ्यामागसून इलेला एक थय पयलाच आसा म्हणतत, तेच्यावांगडा ऱ्हवा. मासे मिळतले, घावणे मिळतले, इसरूचे नाय. पण सगळेच येव नुको. ही म्हातारी हय एकटी पडतली. दोघे-चार हिच्याकडे ऱ्हवा, हिका सोबत होई. नि दोनय घरांचा बरा करा, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” आता आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

मग मला सगळं जपानीत सांगावं लागलं. आयेचं माहेर, परड्यातलं भूत, निराळी चूल, तांब्या. सायोको ऐकता ऐकता आयेच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तोमेआजी मान खाली घालून ऐकत होती. शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा तिनं मान वर केली.

“माझ्याकडे किती ठेवा म्हणाल्या?”

“दोघे-चार.”

तिनं विचार केला. सोयरिकीतली ही देवाणघेवाण तिला अगदी गंभीरपणे करायची होती. “पाच ठेवते,” ती म्हणाली. “धाकटे.”

उरलेले सत्तर आमच्याकडे आले असं सायोको आजही धरून चालते. गावी आमच्या परड्यात, तुळशीच्या पलीकडे, एक पांढरी ताटली असते आणि संध्याकाळी ठेवलेलं सकाळपर्यंत संपतं. मांजरं असतील. मी चौकशी करत नाही. आये होती तोवर तीच ठेवायची, आणि घावणे करताना पहिला त्यांचा काढायची.

पण त्या दिवशीचं अजून थोडं उरलं आहे. आयेनं नळाखालच्या दगडावर नारळ आपटला. एका फटक्यात दोन भकलं झाली, खोबरं पांढरंशुभ्र. तिनं एक भकल कोल्ह्यांपुढे ठेवलं आणि दुसऱ्यातलं खोबरं सुरीनं काढू लागली.

“आये, तो ओटीचा नारळ होता,” मी म्हणालो. “आता ओटी कशानं भरणार?”

“ओटीक कसलोय चलता. बाजारातसून हाड,” ती म्हणाली. “ह्यांका आपल्या झाडाचोच होयो होतो.”

पहिला तुकडा तळहातावर घेऊन ती तोमेआजीकडे वळली. हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. घरच्या सगळ्यांत वडील बाईला आपल्या हातचं द्यायचं, हे तिनं किती वर्षांत केलं नव्हतं, ते मला आता माहीत होतं. मी बोलायला पुढे झालो, पण तोमेआजीला कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, तुकडा घेतला, सकाळी आयेला करताना बघितलं होतं तसा कपाळाला लावला आणि तोंडात घातला. दात फारसे नव्हते. इकडून तिकडे करत, डोळे मिटून, ती तो चावत राहिली. आये तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

“दिगू,” ती हळूच म्हणाली, “खाल्ल्यान मा रे तिणा?”

“खाल्ल्यान, आये.”

“गिळल्यान?”

तोमेआजीनं आवंढा गिळला आणि दुसऱ्या तुकड्यासाठी ओंजळ पुढे केली.

“गिळल्यान, आये. अजून मागता.”

आयेनं तिच्या ओंजळीत होतं तेवढं सगळं खोबरं ठेवलं. मग ती नळाकडे तोंड फिरवून, पाणी सोडून, बराच वेळ हात धूत राहिली.